दोन राजांच्या मधला भिक्खू : आचार्य दीपंकर श्रीज्ञान

(विहाराच्या वर्धापन दिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समितीने आम्हाला जे पत्र पाठविले त्यात विषय होता ‘बौद्ध धम्म आणि राजसत्ता’. विषय मोठा आणि वेळ पाऊण तासाचा. सम्राट अशोकावर तर आपल्याकडे शाळेत जाणारे पोरसुद्धा चार वाक्ये न अडखळता बोलते. म्हणून आज राजावर बोलायचे नाही, राजाच्या शेजारी बसणाऱ्या एका भिक्खूवर बोलायचे असे आम्ही ठरविले. त्यालाही कारण आहे. निवडणूक आली की आपल्या वस्तीत गाड्या सुरू होतात. उमेदवार विहारात येतात, प्रतिमेला हार घालतात, भन्तेजींना वंदन करतात, फोटो काढतात. मग आपल्यात दोन तट पडतात. एक म्हणतो, पुढाऱ्याला विहाराच्या पायरीवर चढू देऊ नका. दुसरा म्हणतो, अहो, सत्तेच्या जवळ गेल्याशिवाय नळ येतो का, नाली होते का? हा वाद घराघरात आहे, बाप-लेकांत आहे. आणि तो आजचा नाही. हजार वर्षांपूर्वी मगधातल्या एका महाविहाराच्या आचार्यासमोर तो याहून भयंकर स्वरूपात उभा होता, कारण तिथे फोटो नव्हते, तलवारी होत्या.

त्या आचार्यांचे नाव दीपंकर श्रीज्ञान. तिबेटमध्ये त्यांना अतीश म्हणतात. जन्म इ. स. ९८२ चा, बंगालमधल्या विक्रमपूरचा. हा भाग आता बांगला देशात, ढाक्याच्या दक्षिणेला मुन्शीगंज जिल्ह्यात येतो. घराणे राजकुळातले. वडील कल्याणश्री, आई प्रभावती, आणि मुलाचे पाळण्यातले नाव चंद्रगर्भ. म्हणजे राजवाडा आतून कसा असतो हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. राजाला सल्ला देणाऱ्या माणसाला हे ठाऊक असणे फार उपयोगाचे असते, कारण ज्याने वाडा पाहिलेला नसतो तो वाड्याला भुलतो.

एकोणतिसाव्या वर्षी त्यांनी आचार्य शीलरक्षित यांच्याकडून प्रव्रज्या घेतली. गौतम बुद्धांच्या गृहत्यागाचे वयही परंपरा एकोणतीसच सांगते, त्यामुळे हा आकडा मागाहून जुळविला असेल अशी शंका कोणी घेतली तर आमची हरकत नाही. तिबेटी चरित्रांत चमत्कारही पुष्कळ आहेत. पावलोपावली तारादेवी प्रकट होते आणि काय करायचे ते सांगते. बाबासाहेबांनी आपल्याला बुद्धवचन ओळखण्याची कसोटी दिली आहे, जे बुद्धीला धरून आहे ते घ्यावे. त्या कसोटीने आम्ही तारादेवीला नमस्कार करून बाजूला बसविले आहे. पण चमत्कार काढून टाकले तरी जे उरते ते एवढे आहे की ऐकणाऱ्याला थक्क व्हायला होते.

प्रव्रज्येनंतर हा तरुण भिक्खू जहाजात बसून निघाला. कुठे? सुवर्णद्वीपाला, म्हणजे आजच्या सुमात्रा बेटाकडे. परंपरा सांगते की प्रवासाला तेरा महिने लागले. तिथे धर्मकीर्ती नावाचे मोठे आचार्य होते, त्यांच्या चरणाशी बसून दीपंकरांनी बारा वर्षे अध्ययन केले. आपण समजतो की भारताने जगाला धम्म दिला आणि जग घेत राहिले. तसे नाही, बरं का. अकराव्या शतकात भारतातला बुद्धिमान भिक्खू शिकण्यासाठी समुद्र ओलांडून जात होता. आणि हे येणे-जाणे जुनेच होते. नवव्या शतकात सुवर्णद्वीपाच्या बालपुत्रदेव राजाने नालंदेत विहार बांधला आणि पाल राजा देवपालाने त्याच्या खर्चासाठी पाच गावे दिली, त्याचा ताम्रपट नालंदेच्या उत्खननात सापडला आहे.

पाच गावे! हा शब्द लक्षात ठेवा, त्याच्याकडे आम्ही परत येणार आहोत.

१०२५ च्या सुमारास दीपंकर परतले. त्याच वर्षी दक्षिणेतल्या राजेंद्र चोळाच्या आरमाराने श्रीविजयाच्या त्या राज्यावर हल्ला केला. ज्या देशात बारा वर्षे मैत्रीचा आणि करुणेचा पाठ घेतला, तो देश आपल्याच उपखंडातल्या राजाने लुटला. ही बातमी त्यांना कधी, कोणाकडून कळली ते कोणी लिहून ठेवलेले नाही. पण पुढे युद्धाच्या बाबतीत ते जसे वागले त्याच्याशी हे ताडून पाहावेसे वाटते.

मगधात तेव्हा पाल घराण्यातला राजा महीपाल होता, त्याच्यानंतर नयपाल आला. त्यांच्या आमंत्रणावरून दीपंकर विक्रमशिला महाविहारात आचार्य झाले. विक्रमशिला आज बिहारच्या भागलपूर जिल्ह्यात, कहलगावजवळच्या अंतीचक गावी आहे. आठव्या-नवव्या शतकात राजा धर्मपालाने ती उभारली. १९६० पासून पाटणा विद्यापीठाने आणि १९७२ ते १९८२ या काळात भारतीय पुरातत्त्व खात्याने तिथे खोदकाम केले, तेव्हा चौकोनी विहाराचा सबंध आराखडा उघडा पडला. एकेक बाजू सुमारे ३३० मीटर. प्रत्येक बाजूला ५२ खोल्या, अशा एकूण २०८. मधोमध भव्य स्तूप. आपल्या या सभागृहासारखी शे-दीडशे सभागृहे त्या चौकात सहज बसतील. तिथल्या दारांवर द्वारपंडित बसत. प्रवेश मागणाऱ्याने आधी त्यांच्याशी वाद करून दाखवायचा. जात कुठली, चिठ्ठी कोणाची, असे विचारत नव्हते.

तिबेटी चरित्रकार दीपंकरांचे वर्णन करताना त्यांच्या कमरेला लटकणाऱ्या किल्ल्यांच्या जुडग्याचा उल्लेख करतात, कारण अनेक विहारांची व्यवस्था त्यांच्याकडे होती. आम्हाला हे चित्र फार आवडते. समाधीत डोळे मिटून बसलेला आचार्य सगळीकडे पाहायला मिळतो, पण किल्ल्या सांभाळणारा, कोठीत धान्य किती आहे ते पाहणारा, भिक्खूंची भांडणे सोडविणारा आचार्य क्वचित दिसतो. विहार चालविणे काय असते ते आपल्या समितीच्या खजिनदारांना विचारा.

ही व्यवस्था पाहताना कठोर निर्णयही घ्यावे लागत. मैत्री नावाच्या एका विद्वान भिक्खूजवळ मद्य सापडले. तंत्रपूजेसाठी ठेवले आहे, असा त्याचा खुलासा होता. त्याला विहारातून काढण्यात आले. परंपरा सांगते की हा भिक्खू मोठा सिद्ध होता आणि त्याला काढल्याचा दीपंकरांना पुढे पश्चात्ताप झाला. आमचे मत विचाराल तर, काढले ते योग्यच केले. विद्वानाला एक नियम आणि साध्या भिक्खूला दुसरा, असे सुरू झाले की विहाराचे दार आतून कुजू लागते. त्या काळी ते कुजू लागलेच होते. तंत्राच्या नावाखाली मद्य, मैथुन, मंत्र-तंत्र सगळे संघात शिरले होते, आणि विक्रमशिला हे तर तंत्राच्या अध्ययनाचेच केंद्र होते. दीपंकर स्वतः तंत्र शिकलेले होते हेही आपण लपवू नये.

आता मुख्य प्रसंगाकडे येऊ.

मध्य भारतात त्रिपुरी नावाची राजधानी होती. जबलपूरजवळचे तेवर गाव म्हणजेच ती त्रिपुरी. तिथे कलचुरी घराणे राज्य करीत होते. त्यांचा राजा कर्ण याने मगधावर स्वारी केली. (कर्ण १०४१ च्या सुमारास गादीवर आला आणि दीपंकरांनी त्याच्या आधीच मगध सोडले होते, म्हणून स्वारी खरे तर त्याचा बाप गांगेयदेव याच्या कारकिर्दीतली असावी असे काही इतिहासकार मानतात. तिबेटी ग्रंथात नाव मात्र कर्णाचेच आहे.) शहर हाती येईना, तेव्हा त्याच्या सैनिकांनी राग विहारांवर काढला. विहार लुटले, भिक्खू मारले. दीपंकर तेव्हा बोधगयेत होते.

थोड्याच दिवसांत पारडे फिरले. नयपालाची सेना वरचढ झाली आणि कर्णाच्या माणसांची कत्तल सुरू झाली. आता विचार करा. हेच ते लोक, ज्यांच्या हाताला भिक्खूंचे रक्त लागलेले आहे. आचार्यांनी काय करावे? गप्प बसले असते तरी कोणी बोट दाखविले नसते. आपल्या राजाचा जय होत आहे, संघाच्या मारेकऱ्यांना शासन होत आहे, एवढे म्हणून त्यांना सूत्रपठणाला बसता आले असते. दरबारातले धर्मगुरू अशा वेळी विजयाचा आशीर्वाद देतात, हा जगभरचा रिवाज आहे.

दीपंकरांनी कर्णाला आणि त्याच्या माणसांना आश्रय दिला. स्वतःच्या संरक्षणात घेऊन त्यांना सुखरूप बाहेर काढले. आणि मग ते दोन्ही राजांच्या मध्ये उभे राहिले. कधी या छावणीत, कधी त्या छावणीत. तब्येतीची पर्वा न करता मधल्या नद्या त्यांनी पुन्हापुन्हा ओलांडल्या, असे चरित्रात नोंदले आहे. शेवटी तह झाला. तहाचे कलमही नोंदलेले आहे आणि ते अगदी व्यवहारी आहे. युद्धात जे धान्य, जो शिधा संपला तो संपला. बाकी जे जे एकाचे दुसऱ्याकडे गेले ते परत करायचे किंवा भरून द्यायचे. ‘प्रेमाने राहा’ असा नुसता उपदेश करून आचार्य उठून गेले नाहीत. खाल्लेले परत मागायचे नाही आणि उरलेले ठेवून घ्यायचे नाही, असा हिशेब लावून दिला. शेताच्या बांधावरून भाऊ-भाऊ कोर्टात जातात तेव्हा गावातला शहाणा माणूस असाच तोडगा काढतो.

पुढे नयपालाचा मुलगा तिसरा विग्रहपाल याचे लग्न कर्णाच्या मुलीशी, यौवनश्रीशी झाले. त्याचे श्रेय आम्ही आचार्यांना देणार नाही. राजे लग्ने आपल्या सोयीने करतात.

मग हे भिक्खू सत्तेच्या जवळ होते की दूर? दोन्ही उत्तरे चुकीची वाटतात. ते जवळ होते, नाहीतर राजाने ऐकलेच नसते. पण त्या राजाला नको असलेले काम त्यांनी त्याच्याच डोळ्यांदेखत केले, त्याच्या शत्रूला वाचविले. ज्याला राजाकडून काही हवे आहे त्याला हे जमत नाही.

आता तिबेटकडे. पश्चिम तिबेटमध्ये गुगे नावाचे राज्य होते. तिथला राजा येशे-ओ स्वतः भिक्खू झाला होता. तंत्राच्या नावाने चाललेल्या अनाचाराला तो विटला होता. शुद्ध धम्म शिकून यावे म्हणून त्याने एकवीस तरुण काश्मीरला पाठविले. उन्हाने आणि रोगराईने बहुतेक मेले, दोनच परत आले. मग त्याने सोने देऊन विक्रमशिलेला दूत पाठविला. दीपंकरांनी नकार दिला. परंपरा सांगते की त्यानंतर येशे-ओ शत्रूच्या कैदेत पडला, त्याच्या वजनाइतके सोने खंडणी म्हणून मागितले गेले, आणि पुतण्या सोने गोळा करू लागला तेव्हा म्हाताऱ्या राजाने त्याला अडविले की माझ्यासाठी सोने घालवू नकोस, ते आचार्यांना आणण्यासाठी खर्च कर. या कथेवर आजचे अभ्यासक शंका घेतात. पण तिबेटमध्ये नऊशे वर्षे ही कथा सांगून आयांनी मुलांना वाढविले, एवढे तरी खरे आहे.

पुतण्या चांगछुब-ओ याने नागछो लोत्सवा या भाषांतरकाराला पाठविले, आणि या वेळी दीपंकर तयार झाले. वय साठीला टेकलेले. विक्रमशिलेचे वयोवृद्ध स्थविर रत्नाकरशांती त्यांना सोडायला नाखूष होते. परंपरेप्रमाणे त्यांचे म्हणणे असे की, आचार्य गेले तर इथले विहार ओस पडतील, तुर्कांच्या स्वाऱ्या सुरू आहेत, आम्हाला काळजी वाटते. ही भीती पोकळ नव्हती. १०३३ च्या सुमारास गझनीच्या सरदाराने बनारस लुटले होते. अखेर तीन वर्षांच्या बोलीवर त्यांना निरोप मिळाला. १०४० मध्ये ते निघाले.

वाटेत नेपाळात मुक्काम पडला. तिथून त्यांनी नयपालाला एक पत्र पाठविले, ‘विमलरत्नलेख’ नावाचे. मूळ संस्कृत पत्र हरवले, तिबेटी अनुवाद राहिला. भिक्खूचे राजाला पत्र म्हटल्यावर आपल्याला वाटते की त्यात करवसुली, सैन्य, मंत्री यांच्याविषयी काही असेल. तसले काही नाही. दुसऱ्याचे दोष शोधू नये, आपले पाहावे. दुसऱ्याचे गुण बोलावे, आपले झाकावे. गर्व आणि लोभ सोडावा. विहारात नुकत्याच आलेल्या श्रामणेराला जे सांगायचे तेच राजाला सांगितले आहे. तोंडावर स्तुती नाही की आपल्या माघारी विहाराकडे लक्ष ठेवा अशी विनवणी नाही. आम्ही पहिल्यांदा या पत्राविषयी वाचले तेव्हा थोडी निराशाच झाली होती. मग वाटले, ज्या राजाला सकाळ-संध्याकाळ स्तुतिपाठक घेरून बसलेले आहेत, त्याला श्रामणेरासारखे वागविणारा एक तरी माणूस हवा की नको?

१०४२ मध्ये ते गुगेतल्या थोलिंग विहारात पोहोचले. तिथे चांगछुब-ओ याने एक फार शहाणी मागणी केली. आम्हाला गूढ, उंच तंत्र नको. सगळ्या लोकांच्या उपयोगी पडेल असे काही सोपे लिहून द्या. एका राजाने असे म्हणावे हेही विशेषच. त्यातून ‘बोधिपथप्रदीप’ हा लहानसा ग्रंथ झाला. पुरती सत्तर कडवीसुद्धा नाहीत. त्यात माणसांच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. एक, केवळ आपल्या सुखापुरते पाहणारा. दुसरा, आपल्या मुक्तीपुरते पाहणारा. तिसरा, सर्वांचे दुःख आपले मानणारा. आणि एक गोष्ट स्पष्ट बजावली आहे की तंत्रातल्या ज्या दीक्षा ब्रह्मचर्याला बाध आणतात त्या भिक्खूने घेऊ नयेत. हे लिहिणारा तंत्राचा जाणकार होता, म्हणून या वाक्याला वजन आले.

तिबेटात लोक त्यांना गमतीने ‘शरण-पंडित’ म्हणू लागले, कारण कोणीही काहीही विचारायला आले तरी ते त्रिसरणापासून सुरुवात करीत. एवढा मोठा विद्वान आणि शिकवतो काय, तर बुद्धं सरणं! या नावाचा त्यांना राग नव्हता, उलट आनंद होता. आपल्याकडे काही सुशिक्षित मंडळींना रविवारच्या वंदनेत तेच तेच म्हणायचा कंटाळा येतो, म्हणून सांगितले.

तीन वर्षे संपली. बोलीप्रमाणे ते परत निघाले, पण सीमेजवळच्या भागात लढाई पेटल्याने नेपाळचा रस्ता बंद झाला होता. तिथेच त्यांना द्रोमतोन भेटला. हा चीवर न घेतलेला उपासक, आयुष्यभर उपासकच राहिला. त्याने मध्य तिबेटात येण्याची विनंती केली. दीपंकर गेले, साम्ये विहारातला ग्रंथसंग्रह पाहून चकित झाले, कारण भारतातही न मिळणाऱ्या संस्कृत पोथ्या तिथे होत्या. १०५४ मध्ये ल्हासाजवळच्या न्येथांग येथे त्यांचे निधन झाले. विक्रमशिला त्यांनी पुन्हा पाहिली नाही.

त्यांच्यानंतर शिष्यांचा आधार कोण झाला? चीवरधारी विद्वान पुष्कळ होते. पण त्यांनी द्रोमतोनला मानले. त्याने १०५७ च्या सुमारास रेतिंग विहार स्थापला, कदम परंपरा उभी केली, आणि पुढे चोंखापा याने १४०२ मध्ये लिहिलेला मोठा ग्रंथ ‘बोधिपथप्रदीपा’च्याच पायावर रचला. दलाई लामांचा संप्रदाय तो हाच. एका गृहस्थ-व्रतातल्या माणसाने हे सांभाळून ठेवले. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये लिहिले आहे की, भिक्खूंसाठी संघदीक्षा होती पण उपासकांसाठी वेगळी धम्मदीक्षा नव्हती, ही मोठी उणीव होती आणि धम्माच्या ऱ्हासाचे ते एक कारण ठरले. १९५६ साली नागपूरला लाखो उपासकांना जी दीक्षा मिळाली तिच्यामागे हा विचार होता. त्याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी भिक्खूविषयीचा प्रश्नही विचारला आहे, भिक्खू हा स्वतःपुरता परिपूर्ण पुरुष की लोकांचा सेवक? नद्या ओलांडणारे दीपंकर समोर आणले की उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही.

आता त्या पाच गावांकडे येतो. नालंदा, विक्रमशिला, ओदंतपुरी ही सारी राजांच्या दानावर उभी होती. गावे राजाची, धान्य गावांचे, विहार धान्यावर. त्यामुळेच २०८ खोल्या झाल्या हे खरे आहे, कृतघ्न होऊ नये. पण पाल घराणे खचले, बाराव्या शतकाच्या अखेरीस तुर्कांची घोडदळे आली, विहार जळाले, भिक्खू मारले गेले किंवा नेपाळ-तिबेटकडे पळाले, आणि ते विहार पुन्हा उभे करायला आसपासच्या गावांत कोणी उरले नाही. ज्यांच्या धान्यावर भिक्खू जगले त्या शेतकऱ्याला, कुंभाराला, चांभाराला ‘हा विहार माझा आहे’ असे वाटावे अशी सोय केलेली नव्हती. तिबेटात द्रोमतोन होता, मगधात नव्हता. दीपंकरांनी राजा जोडला आणि राजाला सुनावलेही, पण मगधातले गाव त्यांच्याकडूनही जोडायचे राहून गेले. एवढा दोष आम्ही त्यांच्या पदरात टाकतो, नम्रपणे टाकतो.

आपल्या विहाराच्या भिंतीत कोणाच्या किती विटा आहेत ते इथल्या बायकांना तोंडपाठ आहे. मजुरी करून वर्गणी देणाऱ्या आज्यांची नावे याच स्मरणिकेच्या मागच्या पानांवर छापली आहेत. तेव्हा पुढच्या वेळी कोणी पुढारी दारात आला तर त्याला आत घ्यावे की नाही हे समितीने ठरवावे. आमचे म्हणणे इतकेच की आत घेतलेच तर सर्वांबरोबर सतरंजीवर बसवावे आणि त्रिसरण-पंचशील संपेपर्यंत उठू देऊ नये.

एक शेवटची माहिती देऊन थांबतो. दीपंकरांच्या अस्थींचा काही भाग १९७८ साली चीनकडून ढाक्याला आणण्यात आला आणि तिथल्या धर्मराजिक बौद्ध विहारात ठेवला आहे. त्यांच्या जन्मगावी, वज्रयोगिनी गावात, त्यांच्या घराची म्हणून एक जागा दाखवितात. शतकानुशतके तिथल्या लोकांना या पंडिताचे नाव आठवत नव्हते, धम्मही आठवत नव्हता. पण इथे देव न मानणारा कोणीतरी मोठा विद्वान राहत होता एवढे मात्र पिढ्यान्‌पिढ्या ध्यानात राहिले. त्या जागेला ते म्हणतात, ‘नास्तिक पंडितेर भिटा’, नास्तिक पंडिताचे घरठाण.

नमो बुद्धाय. जय भीम.